नळ, मीटर आणि ओटा

मुंबईत घरात नवीन वस्तू घ्यायची म्हटली की ती केवढ्याला पडली हे नंतर, आधी ती ठेवणार कुठे ते सांगा. आमचा मुलुंडचा वन बीएचके, ओटा जेमतेम सात फूट, त्यात शेगडी, सिंक, भांड्यांची जाळी, उरलेल्या जागेत मिक्सर आणि पाण्याचा फिल्टर. बस, संपला ओटा. याच्यावर जे काही येईल ते माळ्यावर जाणार आणि माळ्यावर गेलेली वस्तू गणपतीच्या मखराखेरीज कधी खाली आलेली मी तरी बघितलेली नाही. स्टूल आणा, नवऱ्याला हाक मारा, धूळ पुसा, वायर शोधा, एवढं सगळं एका सँडविचसाठी कोण करतंय, तव्यावर होतं की.

रोटी मेकर आठवतोय का? एक काळ असा होता की लग्नाच्या आहेरात, भिशीच्या बक्षिसात, सगळीकडे तोच. आता मला सांगा, आपल्याकडे घडीची पोळी. तेल लावून, घडी घालून, लाटून. त्या मशीनमध्ये गोळा ठेवून झाकण दाबलं की जे बाहेर येतं त्याला पदर कुठून सुटणार? वस्तू वाईट नव्हती हो, ज्यांच्याकडे बिनघडीचा फुलका चालतो त्यांच्याकडे चालली पण असेल. आमच्या सोसायटीत मात्र एकूण एक रोटी मेकर माळ्यावर आहे, वाटल्यास पैज लावते.

मुद्दा काय, तर जाहिरातीतलं घर मुंबईत नसतंच. त्या घरात पाणी बोअरचं असतं, डिसेंबरात दात वाजतात, दिवसातून चारदा लाईट जाते आणि स्वयंपाकघर आमच्या अख्ख्या फ्लॅटएवढं असतं. आपल्याकडे यातलं एकही नाही, पण वस्तू मात्र तीच आणि तेच बोलून आपल्या गळ्यात मारतात. म्हणून कुठल्याही वस्तूतून पैसे वसूल करायचे असतील तर रिव्ह्यू वाचण्याआधी आपला नळ, आपला मीटर आणि आपला ओटा बघायचा असं माझं ठाम मत झालंय. नवरा म्हणतो हे सगळं ठीक आहे पण तू दुकानात फार भांडतेस. असो.

पाण्यापासूनच सुरू करते कारण त्यात सगळ्यात जास्त पैसे जातात आणि सगळ्यात जास्त थापा मारल्या जातात. शेजारच्या वहिनींकडे एक सेल्समन आला होता, कंपनीचं नाव राहू दे. टेबलावर काचेचे दोन ग्लास, एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात त्यांच्या आरओ मशीनचं. बॅगेतून एक डबी काढली, तिला खाली धातूच्या कांड्या. दोन्ही ग्लासांत कांड्या बुडवल्या, बटण दाबलं. आरओचं पाणी जसंच्या तसं, आणि नळाच्या पाण्यात आधी बारीक बुडबुडे, मग पिवळट धागे सुटल्यासारखं, मग बघता बघता सगळा ग्लास गंजकट चॉकलेटी, वर फेस. वहिनींनी तोंडावर हात घेतला, "अगंबाई, हे आपण पितो?" सेल्समन नुसता हसला, त्याला काही बोलायची गरजच नव्हती.

वहिनींचा मुलगा तेव्हा बारावी सायन्सला. तो म्हणाला काका, तुमच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकून परत करता का? सेल्समन म्हणाला तसं नाही करत बेटा, मशीनची वॉरंटी जाते. ग्लासात मीठ टाकल्याने कुठल्या मशीनची वॉरंटी जाते देव जाणे, पण पोराने तोवर मीठ टाकलं होतं, कांड्या बुडवल्या, आणि दोन मिनिटांत आरओचं ते शुद्ध पाणी पण तस्संच चॉकलेटी. कारण साधं आहे. पाण्यात क्षार असले की त्यातून करंट जातो, करंट गेला की लोखंडाची कांडी झिजते आणि तो रंग त्या कांडीच्या गंजाचा असतो. आरओच्या पाण्यात क्षारच नाहीत त्यामुळे करंट जवळजवळ जातच नाही, कांडी तशीच राहते. घाण आपल्या पाण्यात नव्हती, त्याच्या बॅगेत होती.

आता मुंबईचं पाणी बघा. तानसा, भातसा, मोडकसागर, मध्य वैतरणा, ऊर्ध्व वैतरणा, विहार आणि तुळशी, हे सात तलाव, म्हणजे सगळं पावसाचं साठवलेलं पाणी, आणि त्यातलं बरंचसं आमच्या शेजारी भांडुप संकुलात शुद्ध होऊन पुढे जातं. असं पाणी मुळातच गोडं, क्षार कमी. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायला टीडीएस मीटर म्हणून पेनाएवढी एक वस्तू मिळते, दोन-तीनशे रुपयांत, ती पेल्यात बुडवायची आणि आकडा वाचायचा. आमच्या नळाला तो शंभरच्या आत येतो. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याला 500 पर्यंत चालतं, आणि राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्ये तर सरकारला सांगितलं होतं की जिथे टीडीएस 500 च्या खाली आहे तिथे आरओवर बंदी आणा. आरओ म्हणजे काय, तर पाणी बारीक पडद्यातून दाबून क्षार वेगळे काढायचे, आणि त्यात घरगुती मशीन एक लिटर प्यायला देताना दोन-तीन लिटर सिंकमध्ये सोडतं. वर गंमत म्हणजे होते ते क्षार काढून टाकायचे आणि मग पाणी अगदीच बेचव लागतं म्हणून मिनरल कार्ट्रिज लावून परत घालायचे, त्याचे पैसे वेगळे!

याचा अर्थ नळाचं तसंच प्या असं मी म्हणत नाहीये. टीडीएस मीटरला जंतू दिसत नाहीत, तो फक्त क्षार मोजतो. बिल्डिंगची टाकी कधी धुतली कोणाला माहीत, पाइप जुने, जुलैमध्ये पाणी गढूळ येतं ते आपण बघतोच. त्यासाठी जंतू मारणारा यूव्ही दिवा आणि गाळण असलेला साधा फिल्टर पुरतो, किंवा आमच्या सासूबाईंची पद्धत, उकळून गाळून माठात. ज्यांच्याकडे टँकर किंवा बोअरचं पाणी आहे त्यांचा हिशोब वेगळा, त्यांनी मीटर बुडवून बघावा आणि आकडा वर असेल तर खुशाल आरओ घ्यावा. पण ज्याच्या नळाला शंभरच्या आत आकडा आहे त्याने दरवर्षी मेंब्रेन आणि एएमसीचे, म्हणजे वर्षाच्या देखभालीच्या कराराचे, हजारो रुपये का भरायचे? वहिनींनी नाही घेतलं मशीन. सेल्समन जाताना तो चॉकलेटी ग्लास मात्र तसाच ठेवून गेला, घासायला त्यांनाच लागला.

लाईटचं पण असंच. या शहरात एका गल्लीला बेस्ट, दुसरीला अदानी, कुठे टाटा आणि आमच्या मुलुंडला महावितरण, पण बिलाची रचना सगळीकडे सारखीच, स्लॅबची. शंभर युनिटपर्यंत एक दर, तीनशेपर्यंत दुसरा, पाचशेपर्यंत तिसरा. वरच्या स्लॅबचा दर फक्त वरच्या युनिटना लागतो, त्यामुळे आपण जी युनिट वाचवतो ती नेहमी सगळ्यात महागडी असतात, हे लोकांच्या लक्षातच येत नाही. लोक गीझरच्या नावाने खडे फोडतात. अहो, पंधरा लिटर पाणी आपल्याकडच्या कोमट नळापासून कडकडीत करायला अर्ध्या-पाऊण युनिटच्या आसपास लागतं, आणि मुंबईत मे महिन्यात गीझर लावतो कोण? खरा खाणारा डोक्यावर फिरत असतो. जुना पंखा पंचाहत्तर-ऐंशी वॉटचा आणि मुंबईच्या घामात तो रोज सोळा तास तरी फिरतोच. बीएलडीसी मोटरचा पंखा तीस-पस्तीस वॉटमध्ये तेवढाच वारा देतो. पंचेचाळीस वॉट गुणिले सोळा तास गुणिले तीस दिवस, एका पंख्यामागे महिन्याला एकवीस-बावीस युनिट. तीन पंखे असतील तर साठच्या वर, आणि ती सगळी वरच्या स्लॅबमधली. जिथे पंखा वर्षातून चार महिने चालतो तिथे याचे पैसे वसूल व्हायला वेळ लागेल, आपल्याकडे चटकन होतात. छताच्या पंख्याला स्टार लेबल 2023 पासून सक्तीचं आहे तेव्हा दुकानात ते बघून घ्या, फक्त पाचस्टारवाला पाहुण्यांच्या खोलीत लावू नका म्हणजे झालं. (पाहुण्यांची खोली, मुंबईत! हसा.)

टीव्ही बंद केल्यावर सेट टॉप बॉक्सचा तो लाल दिवा चालू असतो ना, तो पण बघा. बॉक्स स्टँडबायला दहा वॉट जरी खात असेल तरी महिन्याला सात युनिट, टीव्ही न बघता. भिंतीवरचं बटण बंद करायला एक पैसा लागत नाही.

एसीबद्दल लिहायला बसले तर रात्र होईल. एवढंच सांगते की जानेवारी 2020 पासून नवीन रूम एसी चालू केला की आपोआप 24 वर येतो तो उगाच नाही, 24 आणि वर हळू पंखा एवढ्यावर छान झोप लागते. पावसाळ्यात तर आपल्याला गारव्यापेक्षा हवेतला दमटपणा घालवायचा असतो, त्यासाठी रिमोटवर ड्राय नावाचं बटण असतं. लोकांनी एसी वापरून वापरून जुना केला तरी ते बटण नवंकोरं असतं. आणि जाळी धुवा हो, दर पंधरा दिवसांनी, नळाखाली, त्यासाठी टेक्निशियन लागत नाही.

इन्व्हर्टर घ्या म्हणून पण एक जण मागे लागला होता. मुंबईत लाईट गेली की बातमी होते, 12 ऑक्टोबर 2020 ला अख्खं शहर बंद पडलं होतं ते आपल्याला तारखेसकट आठवतं ते याच्यामुळेच. त्या बॅटरीला दर थोड्या वर्षांनी नवीन करायचं आणि तोवर पॅसेजमध्ये तिला ओलांडत फिरायचं, नको रे बाबा.

आता मिक्सर. माझा जीव आहे मिक्सरवर, आणि त्याला कारण आहे. साठच्या दशकात मुंबईत सत्यप्रकाश माथुर नावाचे एक इंजिनिअर होते, सीमेन्समध्ये, त्यांच्या घरचा जर्मन ब्राउनचा मिक्सर जळला. आपल्याकडचं वाटण, डाळी, सुकं खोबरं, हळकुंड हे त्या मशीनला झेपणारं कामच नव्हतं, ते बनवलेलं मऊ फळं आणि सूपसाठी. बायकोसाठी माथुरांनी मग आपल्या स्वयंपाकाला पुरा पडेल असा दणकट मोटरचा मिक्सर तयार केला, तोच सुमीत. मी वर जे बडबडतेय ना, दुसऱ्याच्या घरासाठी बनवलेली वस्तू आपल्या घरात जळते, ते त्या माणसाने साठ वर्षांपूर्वी ओळखून कारखानाच काढला की!

मिक्सरमधून पैसे वसूल करायचे तर तो बंद पडल्यावर काय करायचं ते माहीत पाहिजे. वाटण चाललंय, मध्येच घर्र करून गप्प. वास पण आला थोडासा. घरात सुतकी शांतता, नवरा फोन काढून नवीन मिक्सर बघायला लागला. थांबा. जार काढा, प्लग काढा, मिक्सर उलटा करा. खाली चार रबरी पायांच्या मध्ये कुठेतरी एक छोटं लाल बटण असतं, बहुतेक मिक्सरना असतं, ते ओव्हरलोडचं. मोटर तापली किंवा अडकली की ते आपणहून बाहेर येतं आणि करंट तोडतं. दहा-पंधरा मिनिटं गार होऊ द्या, बटण आत दाबा, टक्क असा आवाज येतो, जारमधलं थोडं कमी करा, चार चमचे पाणी घाला, लावा. चालतो. हे न माहीत असल्यामुळे किती मिक्सर भंगारात गेले असतील कल्पना करा. मोटर फिरतेय पण पातं फिरत नाही, तर वरचा कपलर गेला. जारखालून पाणी गळतंय, तर बुश आणि वॉशर. मोटरमधून ठिणग्या उडतायत, तर कार्बन बघायचा. सगळी किरकोळ कामं आहेत, स्टेशनजवळचा रिपेअरवाला बसल्या जागी करून देतो. आमचे काका तर जार हातात घेऊन नुसता दांडा फिरवतात आणि सांगतात, "ताई, तुम्ही गरम गरम वाटता, त्याने बुश जातो, जरा निवू देत जा." हे कुठल्या मॅन्युअलमध्ये मोठ्या अक्षरात लिहिलेलं नसतं.

कुकरचं सगळ्यांना येतं असं सगळ्यांना वाटतं. शिट्टी म्हणजे जास्त झालेली वाफ बाहेर जाते, म्हणजे आपण गॅस जाळून हवा गरम करतोय. पहिलं प्रेशर आलं की गॅस बारीक, आत तापमान 120 डिग्रीच्या आसपास तसंही टिकतं. डाळ-तांदूळ अर्धा तास भिजवलेले, खाली वरण, मध्ये भात, वरच्या ताटलीत बटाटे, एकाच कुकरात सगळं, हे आपल्या आज्यांनी कधीच शोधून ठेवलंय. रिंग सैल झाली की वाफ बाजूने जाते आणि आपण म्हणतो कुकर बिघडला. नवीन रिंग बसवा.

मोबाइलमधल्या गोष्टींना ओट्याची जागा लागत नाही म्हणून त्यांचा हिशोबच कोणी करत नाही, पण पैसे तिथूनही गळतात आणि आवाज न करता गळतात. फ्री ट्रायल म्हणून यूपीआयवर हो म्हटलं, विसरलो, दर महिन्याला कट. तुमच्या यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपे किंवा मँडेट नावाचा भाग असतो, आत्ता उघडा. मी माझ्या मैत्रिणीचा उघडून दिला तर त्यात एक योगाचं अ‍ॅप निघालं, एक इंग्रजी शिकवणारं आणि तिसरं कसलं ते तिलाही सांगता येईना. तिथूनच रद्द होतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने असे पैसे कापण्याआधी चोवीस तास तरी मेसेज यावा लागतो, तो येतोही, पण आपण लोनच्या आणि ऑफरच्या मेसेजांसोबत तोही न वाचता ढकलतो.

आणि ते "फक्त 2 शिल्लक", "ऑफर 9 मिनिटांत संपणार" वगैरे. केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2023 च्या नोव्हेंबरात असल्या तेरा युक्त्यांची यादीच काढली, खोटी घाई लावणं, कार्टमध्ये न विचारता काहीतरी टाकणं, शेवटच्या पानावर चार्ज वाढवणं, सबस्क्रिप्शन बंद करायचा रस्ता लपवणं. तक्रार करायची तर 1915 ला फोन. माझा उपाय स्वस्त आहे, वस्तू कार्टमध्ये टाकायची आणि झोपायचं. सकाळी पण हवीशी वाटली तर बघू.

काही अ‍ॅप मात्र खरंच कामाची, आणि ती सहसा अशी की ज्यांनी ती बनवली त्यांना आपलं जगणं माहीत होतं. एम-इंडिकेटर घ्या. रविवारी मेगाब्लॉक, फास्ट ट्रेन स्लो ट्रॅकवर, हे ज्याने कुर्ल्याला उभं राहून भोगलंय तोच असं अ‍ॅप काढू शकतो, आणि वेळापत्रक नेट नसलं तरी दिसतं. डिजिलॉकर पण लोकांनी डाउनलोड करून सोडून दिलंय. त्यात दोन कप्पे असतात, एक सरकारी खात्यांकडून थेट आलेले कागद आणि दुसरा आपण स्वतः फोटो काढून चढवलेले. पहिल्या कप्प्यातलं आधार किंवा लायसन्स ट्रेनमध्ये टीसीला ओळखपत्र म्हणून चालतं, दुसऱ्यातलं चालत नाही. लांबच्या गाडीत या फरकावरून लोकांची टीसीशी हुज्जत चालते ती मी ऐकलीय.

सासूबाईंना मराठीत बोलून टाइप करायला शिकवलं त्याचा फायदा सगळ्या खानदानाला झालाय, तोटाही झालाय. कीबोर्डवरचा माइक दाबायचा आणि बोलायचं, गूगलने मराठीसाठी हे 2017 लाच आणलं. आधी त्या फक्त गुड मॉर्निंगची फुलं पाठवायच्या, आता पुण्याच्या नणंदेला अळूच्या वड्यांची अख्खी कृती विरामचिन्हांशिवाय जाते. मध्ये मध्ये "अगं दूध बघ उतू जातंय" हे पण टाइप होतं. यादीचं पण असंच, किराण्याची एक यादी तिघांच्या फोनवर शेअर केलेली आहे, ज्याला जे संपलेलं दिसेल ते त्याने बोलायचं, त्यामुळे आमच्याकडे आता मोहरी दोनदा येत नाही. बिलं आणि वॉरंटी कार्डं यांचे फोटो मी व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवते, सोबत "फ्रिज बिल" असं टाइप करून, म्हणजे सर्च केलं की सापडतं. बाय द वे, दहा वर्षांची वॉरंटी असं मोठ्याने लिहिलेलं असतं ना, ती बहुतेक वेळा फक्त कंप्रेसरची असते. दारापासून दिव्यापर्यंत बाकी सगळं एक वर्ष, आणि कंप्रेसर फुकट मिळाला तरी गॅस भरायचे आणि माणूस यायचे पैसे आपले. बारीक अक्षरं दुकानातच वाचा, तो सेल्समन घाई करेल, करू दे.

सध्या आमच्याकडे वॉशिंग मशीनचं चाललंय. जुनं टॉप लोड पार गेलं, ड्रमपासून गंजलं, आणि नवऱ्याला फ्रंट लोड हवंय कारण पाणी कमी लागतं आणि कपडे चांगले निघतात, ते खरंय. पण आम्ही वरच्या मजल्यावर, टाकी बरोब्बर डोक्यावर, म्हणजे नळाला प्रेशर कमी आणि फ्रंट लोडला आत यायला पाण्याचा जोर लागतो. फोनवरचा माणूस म्हणाला सगळीकडे चालतं मॅडम. मी म्हटलं किती प्रेशर लागतं ते आकड्यात सांगा, तर होल्डवर ठेवलं ते ठेवलंच. मग नवऱ्याने बादली लावून किती वेळात भरते ते बघितलं, तोवर सासूबाई टेप घेऊन मोरीचं दार मोजत होत्या. मशीन दोन फूट रुंद, दार त्याहून दोन बोटं कमी. नवरा म्हणतो चौकट काढू, सासूबाई म्हणतात त्यापेक्षा पॅसेजमध्ये ठेवा, पण मग सांडपाण्याचा पाइप देवघराखालून न्यावा लागतो आणि त्याला त्यांचाच नकार. सेल रविवारी संपतोय म्हणे. संपू दे, पुढच्या महिन्यात परत येतो तो.